थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट का अडतो?

भांडुपला रात्रीचे साडेआठ वाजले होते, भाच्याच्या कॅलगरीत सकाळचे नऊ. व्हिडिओ कॉल उचलला तर समोर भाच्याचं तोंड नाही, रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा.

"मामा, बोल्ट बंद होत नाहीये. जेमतेम अर्धा सूत राहतोय. तळहाताने ठोकू का?"

"आधी हात काढ तिथून," मी जेवणाच्या ताटावरूनच ओरडलो. बायको आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

भाच्याने तिकडे रीतसर परवाना काढून जुनी ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, घेतली आहे, हरणाच्या शिकारीसाठी. दुसऱ्या महायुद्धात टोरोंटोजवळच्या लाँग ब्रांच कारखान्यात या रायफली बनत, त्यातलीच ही एक, नंबर चार नमुन्याची. काडतुसं विकत घेणं खिशाला जड जातं म्हणून तो रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतो. तिकडे स्वतःपुरतं हे करायला मुभा आहे. मी आयुष्यात एकही काडतूस भरलेलं नाही. पण तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आणि त्याचा प्रश्न बंदुकीचा नव्हताच, फिटिंगचा होता. निमुळत्या भोकात निमुळता नग बसत नाही, तर तो नेमका कुठे अडतो? हे शोधणं हे तर आमचं रोजचं काम. पुढचे तीन आठवडे आम्ही तेच करत होतो. तेच इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कोणाच्या डोक्यात भलतं शिरायला नको. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. थ्री-नॉट-थ्री तर प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवानाधारकालाही मिळत नाही. म्हणून दारूची वजनं वगैरे या लेखात नाहीत, आणि ती मला ठाऊकही नाहीत. इथे आहे ते फक्त यंत्राचं शहाणपण.

तरी मुंबईकराला ही रायफल अनोळखी नाही. कित्येक वर्षं ती पोलिसांच्या खांद्यावर होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर ज्या मोजक्या पोलिसांकडे बंदुका होत्या, त्यांत हीच होती. माझ्या पिढीतल्या अनेकांनी एनसीसीत तिची 'डीपी' उचलली आहे. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची, निकामी केलेली. जवळपास चार किलोचं ते धूड कवायत करताना माटुंग्याच्या उन्हात खांदा सोलवटून काढायचं. या रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनत आणि काडतुसं आपल्या पुण्याशेजारच्या खडकीत. खडकीचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जुन्या पुंगळीच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं कोरलेली दिसली, तर ती तिथली.

आता काडतुसाकडे येऊ. त्याचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी (प्रायमर), आत दारू आणि तोंडात गोळी. गोळी उडून जाते, दारू जळते, टोपी फुटते, शिल्लक राहते ती पुंगळी. पुन्हा भरायचं म्हणजे ती पुंगळी साफ करून डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची आणि नवी गोळी दाबायची. ऐकायला पाणीपुरी भरण्याइतकं सोपं वाटतं. सगळा घोळ 'मापात आणायची' या दोन शब्दांत आहे. मापात म्हणजे कोणाच्या मापात?

ते कळायला काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, टेकतं कुठे, हे बघावं लागतं. चहाची गाळणी आठवा. कपावर ती तिच्या कडेने टेकते. जाळी कपात किती खोल लोंबते, याच्याशी कपाला देणंघेणं नसतं. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी अशी गाळणीच्या जातीची. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, रिम. ती चेंबरच्या तोंडाशी अडते आणि मागून बोल्ट तिला धरतो. याउलट नंतरच्या लष्करी काडतुसांना, म्हणजे १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रायफलीच्या घडणीत जे ७.६२ मिलिमीटरचं आणलं त्याला, अशी बाहेर आलेली कड नसते. ते नरसाळ्यासारखं. नरसाळं बाटलीत त्याच्या उतारावर टेकतं. पुंगळी जिथे जाड अंगातून बारीक मानेकडे वळते, तो उतार म्हणजे तिचा खांदा. ७.६२ चं काडतूस खांद्यावर टेकतं, थ्री-नॉट-थ्रीचं कडेवर.

बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकण्याची जागा यांच्यातल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. थ्री-नॉट-थ्रीत हे अंतर म्हणजे कडेच्या जाडीपुरती जागा. ती मोजायला दोन गेज असतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. मधला फरक दहा थाऊ. लालबाग-परळच्या कोणत्याही जुन्या फिटरला विचारा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे साधारण पोस्टकार्डाची जाडी. बोल्ट हलक्या बोटाने फिरवायचा, जोर लावला की गेजही खोटं बोलतं. भाच्याने एका बंदूक-मिस्त्रीकडून हे करून घेतलं. रायफल पास झाली. म्हणजे दोष काडतुसांत होता.

इथेच बहुतेक लोक फसतात. हेडस्पेस बरोबर आहे म्हणजे पुंगळी चेंबरमध्ये नीट बसते, असा त्याचा अर्थ नाही. गाळणी कपावर नीट टेकली तरी जाळीखाली जागा मोकळी राहतेच. लष्करी रायफलींचं चेंबर मुद्दाम ढगळ कापलेलं असायचं, कारण चिखल. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक स्वतःची रॉस रायफल घेऊन गेले होते. ती अचूक होती आणि तिचं चेंबर घट्ट होतं. कॅनडात बनलेल्या काडतुसांवर ती ठीक चाले. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत ब्रिटिश कारखान्यांची, मापात थोडी जाडीभरडी काडतुसं हातात आली आणि बोल्ट अडकू लागले. मारा चालू असताना सैनिक बुटांनी बोल्ट उघडत होते. पुढे चेंबर मोठी करून घेतली, पण १९१६ उजाडेपर्यंत विश्वास उडालेला होता आणि हातात ली-एनफील्ड आली. ती जिंकली ती अशी, कपडे सैल शिवून. नेमबाजीचा मेडल मिळवणारी रायफल ती नव्हे, असं रेंजवरचे लोक नाक मुरडून म्हणतात. खंदकातल्या माणसाला मेडल नको होतं.

आता भाच्याची वीस काडतुसं. त्यातली आठ सुरळीत गेली, बारा अडली.

अडलेलं भरलेलं काडतूस बाहेर काढताना पहिला नियम, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. दुसरा, मॅगझिन काढून ठेवायचं. तिसरा, बोल्ट पुढे दाबायचा नाही, ठोकायचा तर मुळीच नाही. हलक्या हाताने मागे येत असेल तर आणायचा, नाहीतर मिस्त्रीकडे. भाच्याचा बोल्ट मागे आला. बाहेर आलेलं काडतूस डायमध्ये दाबून 'दुरुस्त' करावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. टोपी आणि दारू आत असताना डायमध्ये दाबायचं! मी काही बोललो नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी त्याने गोळी उपसून काढणारा, हातोडीसारखा दिसणारा पुलर आणला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बाराही काडतुसं सुटी केली.

मग रिकाम्या, बिनटोपीच्या पुंगळ्यांना काळा मार्कर फासला. एकेक चेंबरमध्ये घालायची, बोल्ट हलकेच पुढे न्यायचा, अडला की मागे घेऊन बघायचं. शाई जिथून पुसली गेली, तिथेच अडतं. टूलरूममध्ये आम्ही हेच निळी शाई लावून करायचो. अक्कल तीच, फक्त रंग वेगळा.

नऊ पुंगळ्यांची शाई बुडाच्या जरा वर, अंगावर पुसली होती. तीनची खांद्याशी.

नऊंची गोष्ट सोपी निघाली. त्या त्याच्या रायफलीतून उडालेल्या नव्हत्याच. रेंजवरच्या कोणीतरी पिशवीभर पुंगळ्या दिल्या होत्या, दुसऱ्या कुठल्यातरी रायफलीतल्या, जिचं चेंबर आणखी ढगळ. पितळ मऊ असतं. बार उडाला की ते फुगून त्या चेंबरचा आकार घेतं. आणि या गड्याने डायमध्ये फक्त मान दाबली होती, अंग तसंच ठेवलं. दुसऱ्याच्या मापाची चप्पल पायात कशी शिरणार? अशा परक्या पुंगळ्यांना पहिल्या वेळी पूर्ण डायमधून काढावंच लागतं.

त्या तिघांनी मात्र आमचा एक रविवार खाल्ला. कॅलिपर लावल्यावर कळलं की त्यांची लांबी जास्त आहे. या पुंगळीची लांबी ५६.४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. दर वेळी दाबताना पितळ थोडं थोडं पुढे, मानेकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. मग ती कापून पुन्हा मापात आणायची असते. त्याने कापली नव्हती. वर गोळी घट्ट धरावी म्हणून तोंड आत वळवताना, म्हणजे क्रिंप करताना, डाय लांब पुंगळीच्या तोंडावर जास्तच दाबली गेली आणि तो दाब खांद्यावर आला. खांदा केसभर फुगला. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जेमतेम लागतो, बोल्टला मात्र पक्का कळतो. अडला हे उलट बरं झालं. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात शिरलं आणि तरी बोल्ट बंद झाला, तर गोळी तिथे चिमटीत धरली जाते. बार उडाल्यावर ती सुटायला उशीर होतो आणि दाब नको तितका चढतो.

अडण्याची आणखीही कारणं असतात, ती पटापट सांगतो. टोपी बुडाशी सपाट न बसता वर राहिली, तर बोल्ट तिच्यावर टेकतो. हे सगळ्यात भीतीदायक, म्हणून टोपी बसवली की दर वेळी बोट फिरवायचं. गोळी फार बाहेर ठेवली तर ती नळीतल्या आट्यांना जाऊन भिडते. कडेला एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी मागे ओढणाऱ्या बोल्टच्या आकड्याने) ओरखडून काढलेली किनार उभी राहिली, तर तीही आड येते. जुन्या, गोदामातून आलेल्या रायफलीच्या चेंबरमध्ये साठवणीचं ग्रीस वाळून लाखेसारखं बसलेलं असतं, ते ब्रशने काढल्याशिवाय कुठलंही निदान करू नये. नंबर चार रायफलीत बोल्टचं डोकं सुटं असतं, शून्य ते तीन अशा आकड्यांचं. कोणी चुकीचं लांब डोकं लावलं असेल तर चांगलं काडतूसही बसत नाही. आणि मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात. हा दोष चेंबरचा नाही, भरणाऱ्याच्या घाईचा. वरच्याची कड नेहमी खालच्याच्या पुढे हवी.

भाच्याने पहिल्यापासूनच लावून घ्यायला हवी होती ती शिस्त अशी. पुंगळी डायमधून काढली की टोपी, दारू घालण्याआधी रिकामीच चेंबरमध्ये घालून बघायची. चौघांसाठी पोळ्या लाटायच्या आधी पहिली तव्यावर टाकून बघतात ना, तसं. पण वीसच्या वीस भरून मगच रायफल हातात घेतली, यात त्याचं वय दिसतं.

मग त्याने दुसरं टोक गाठलं. पुन्हा अडायला नको म्हणून प्रत्येक पुंगळी प्रत्येक वेळी पूर्ण डायमधून, डाय खालपर्यंत टेकवून. आता सगळी काडतुसं लोण्यासारखी आत जात होती. फोनवर स्वारी खूश. मी म्हटलं, "आता खरी काळजी सुरू झाली."

त्याचं कारण असं. डाय पुस्तकातल्या मापाची, चेंबर लष्करी मापाचं. पूर्ण दाबलेली पुंगळी चेंबरमध्ये कडेवर टेकते, पण तिच्या खांद्यापुढे मोकळी जागा राहते. बार उडतो तेव्हा पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती दाबाने फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. बूड जाड, ते चिकटत नाही, मागे बोल्टवर जाऊन आदळतं. पुढचा भाग जागच्या जागी, मागचा मागे, आणि पितळ ताणलं जातं ते या दोन्हींच्या मध्ये, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते. त्यात ली-एनफील्डची रचना अशी की बोल्ट कुलूप होतो तो मागच्या बाजूला. मौझर जातीच्या रायफलीत बोल्टचे दात पुढे, चेंबरच्या लगेच मागे असतात. इथे ते मागे असल्याने बार उडताना बोल्ट किंचित दबतो, बॉडी किंचित ताणते, आणि पुंगळीला आणखी थोडी जागा मिळते. बार उडला, ताणली. डायमध्ये घातली, दाबली. पुन्हा ताणली, पुन्हा दाबली. तार हाताने तोडायची असली की आपण काय करतो? वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो.

काही फेऱ्यांनंतर पुंगळी तिथे तुटते. बूड बोल्टबरोबर बाहेर येतं आणि पुढची पितळी नळी चेंबरमध्येच राहते. नशीब चांगलं असलं तर एवढंच. नाहीतर गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. आणि पुढचं काडतूस घातलं की ते अर्ध्यातच अडतं, कारण आत आधीच कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून बोल्ट अडला की बाहेर आलेल्या मागच्या पुंगळीकडे बघावं, ती अख्खी आहे ना. ब्रिटिश लष्करात तुटलेली पुंगळी काढायचं खास अवजार असायचं. एवढं नेहमीचं दुखणं होतं ते.

तुटण्याआधी पितळ सूचना देतं. कडेच्या वर साधारण सेंटिमीटरभर चकचकीत कडं दिसू लागतं. आतूनही बघता येतं. पेपरक्लिप सरळ करून तिच्या टोकाला छोटा आकडा वाकवायचा, पुंगळीत घालून भिंतीवरून बुडापासून वर ओढायचा. आकडा खाचेत अडकला तर ती पुंगळी संपली. आमच्या वेळी फिटर बोअरमधल्या रेषा नखाने मोजायचे, तसंच हे.

उपाय गमतीचा आहे, कारण जी चूक भाच्याने आधी केली तीच इथे बरोबर ठरते. स्वतःच्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या स्वतःच्याच रायफलीसाठी ठेवायच्या आणि फक्त मान दाबायची. एकदा फुगून त्या चेंबरच्या मापाच्या झालेल्या असतात, त्यांचा खांदा चेंबरच्या खांद्याला भिडतो, म्हणजे गाळणी आता नरसाळ्यासारखीही टेकते आणि ताण थांबतो. काही फेऱ्यांनी बोल्ट जड व्हायला लागला तर खांदा अगदी कणभर मागे ढकलायचा, बोल्ट सहज बंद होईल इतपतच. म्हणजे मापाचं पुस्तक म्हणजे त्याची स्वतःची रायफल. डाय बनवणाऱ्याला तिचं चेंबर कधी दिसलेलंच नाही.

नव्या पुंगळ्या आणताना एक बघावं. बुडात आतून एक भोक असेल तर ती बॉक्सर जातीची. सुईने टोपी ढकलून काढता येते. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन जातीची, आणि तिची टोपी काढणं म्हणजे डोकेदुखी. खडकीच्या जुन्या लष्करी पुंगळ्या या दुसऱ्या जातीच्या. ग्रीस देशात बनलेल्या, 'एचएक्सपी' छापाच्या पहिल्या जातीच्या, म्हणून तिकडे लोक त्यांच्यावर तुटून पडतात. यातली मजा अशी की बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन हा अमेरिकन, पण अमेरिकेत चालते बॉक्सरची टोपी आणि ब्रिटिश लष्कराने धरली बर्डनची.

जुनं लष्करी काडतूस उडवायचं झालंच तर आणखी एक. त्या टोपीतल्या रसायनाचा जळून क्षार होतो, आपल्या मिठाचा चुलतभाऊ. तो नळीत बसतो आणि हवेतलं पाणी ओढतो. तेल लावून तो जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. ते जातं पाण्याने. म्हणून लष्करात नळीतून उकळतं पाणी ओतत आणि मगच तेल लावत. कॅलगरीच्या कोरड्या हवेत याला वेळ लागेल. जूनमध्ये आमच्या भांडुपला लोखंडी कपाटातला हातोडाही चार दिवसांत लाल होतो, तिथे अशी नळी एका रात्रीत खरवडली असती.

काल त्याने फोटो पाठवला. पूर्ण डायमधून काढलेल्या लॉटमधल्या पुंगळ्या ओळीने उभ्या, शेजारी वाकवलेली पेपरक्लिप. पाचांना आकडा अडकला होता. कोणी चुकून पुन्हा उचलू नये म्हणून त्याने त्यांची तोंडं पक्कडीने चेपून टाकली होती. खाली लिहिलं होतं, "मामा, चकचकीत कडं फक्त दोनांनाच दिसत होतं."